फळा पुसल्यावर

सून: आई, माझा चहा कुठे गेला?

सासू: कप विसळून पालथा घातला.

सून: अहो, अर्धा होता त्यात!

सासू: टेबलावर होता. तुझ्या हातात नव्हता.

सून: म्हणजे मी कप खाली ठेवायचाच नाही? टाइप कशाने करू मग, नाकाने?

सासू: छत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटर सांभाळलंय मी. ज्याला कुणाचा हात नाही ते उचलायचं. नाहीतर टेबलाचा उकिरडा व्हायला वेळ लागत नाही. आत्ताही बघ, जेवायच्या टेबलावर एक मशीन, दोन डबे आणि सतराशे साठ वायरी. मी काही बोलले?

सून: रोज बोलता.

सासू: आज बोलले नव्हते.

सून: सकाळपासून हा तिसरा कप, आई. पहिला मी फोन घ्यायला उठले तेव्हा गेला. दुसऱ्याच्या वेळी नुसती मान वळवली होती. माझं डोकं आधीच फिरलंय, त्यात स्वतःच्या घरात सुखाने एक कप चहा मिळू नये म्हणजे कमाल झाली.

सासू: दुसरा टाकते, ओरडू नकोस. पण चौथा आहे. पित्त होईल.

सून: तीनातले दीड तर सिंकनेच प्यायले!

सासू: अकरा दिवस झाले, त्या डब्यांकडे बघून दातओठ खातेस. ऑफिसात जागा नाही का?

सून: ऑफिसात दर दहा मिनिटांनी कुणीतरी डोकावून विचारतं, सापडलं का? इथे निदान तुम्ही नुसते कप पळवता.

सासू: आणि काय सापडत नाहीये?

सून: जाऊ दे. सांगायला बसले तर तास जाईल.

सासू: सिस्टरच्या टेबलावर ठेवायचा पडदा आहे हा. सगळ्या खाटांच्या नाड्या एका जागी दिसतात तो. मी निवृत्त झाले, आंधळी नाही झाले. सांग.

सून: बरं. तोच पडदा. एका दवाखान्यात गेल्या महिन्यात एका सिस्टरने खाट नंबर चारवर बोट ठेवलं. पडद्यावर नाडी आली, बहात्तर. तिने मान वर करून खाटेकडे बघितलं तर खाट रिकामी. पेशंट घरी गेला होता, त्याचं नाव मशीनमधून त्याच क्षणी निघत होतं. आया चादर बदलत होती.

सासू: मग ती नाडी कुणाची?

सून: सहा नंबरच्या आजोबांची. ते तेव्हाच दाखल होत होते.

सासू: अगं बाई.

सून: तिने गाळलेलं नाही एकही अक्षर. वेळ, खाट, आकडा, सगळं लिहून पाठवलंय. देवमाणूस आहे ती सिस्टर.

सासू: आणि हेच उलटं झालं तर? खाटेवरचा माणूस थंड पडत चाललाय आणि पडद्यावर भलत्याचीच बहात्तर चाललीय? कुणी उठणारसुद्धा नाही खुर्चीतून.

सून: म्हणून तर अकरा दिवस!

सासू: असे किती पडदे आहेत बाहेर?

सून: तीनशेच्या वर. सहा वर्षांत अशा दोनच तक्रारी आल्यात. दोनच आल्यात म्हणून कुणी मनावर घेत नाही, आणि दोनच आल्यात म्हणून मला सापडतही नाही. रोज पन्नास वेळा घडलं असतं तर पहिल्याच दिवशी मान धरली असती. इथे चार दिवस चार रात्री मशीन चालू ठेवलं. एकदाही नाही! माझ्यासमोर कसं शहाण्यासारखं वागतं बघा.

सासू: पेशंटही असेच असतात. डॉक्टर आले की दुखायचं थांबतं.

(फोन वाजतो. सून तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवते.)

सून: माझे साहेब आहेत. दोन मिनिटं भांडी वाजवू नका हं. हॅलो, बोला सर.

साहेब: काय, झालं का? चार वाजताची मीटिंग लक्षात आहे ना?

सून: आहे सर. अजून सापडलं नाही.

साहेब: अगं, सापडण्यासारखं तिथे काही नसेलच. मी काय म्हणतो, तो फॉर्म पाठवलाय ना तुला, त्यावर सही करून टाक. ‘मेमरीच्या भागात दोष आढळला नाही.’ एका ओळीचं काम.

सून: आढळला नाही आणि दोष नाही, यात फरक आहे ना सर?

साहेब: फॉर्ममध्ये ‘आढळला नाही’ असंच लिहिलंय. खोटं थोडंच सांगतोय आपण? आणि आपल्याकडे कारण आहे ना. वायर. सहा नंबरची वायर चार नंबरच्या वायरीला घासत होती, सिग्नल तिकडे गेला. सेन्सरवाल्या काकांनी स्वतः मान्य केलंय.

सून: काय मान्य केलंय?

साहेब: की असू शकतं.

सून: सर, ते काका ऑफिसातला पंखा बंद पडला तरी सॉरी म्हणतात! वायरीतून अख्खी नाडी आकड्यासकट उडी मारून शेजारी जात नाही. फार तर खरखर येईल.

साहेब: हे बघ, काकांची आठ महिन्यांत निवृत्ती आहे. त्यांना थोडं आधी मोकळं करू. वायरी बदलल्या असं सगळ्या दवाखान्यांना कळवू. क्लायंट खूश, विषय संपला. तुझ्या भागात दोष निघाला तर मात्र तीनशे मशीन परत मागवावी लागतील. कळतंय ना तुला मी काय म्हणतोय?

सून: चांगलंच कळतंय.

साहेब: मग चारच्या आत सही. चल, ठेवतो.

सून: ठेवतो म्हणे! ठेवला पण. बोलायचं होतं ते बोलले आणि हात झटकून मोकळे. डोक्यात जातो हा माणूस माझ्या.

सासू: आवाज गोड आहे.

सून: आवाजाचं काय करायचंय?

सासू: चौकशीला बसणाऱ्यांचे आवाज गोडच असतात. काकांना काढणार म्हणजे?

सून: काढणार म्हणजे काढणार. निरोपाचा फुलांचा गुच्छ आणि मागून कुजबूज, यांच्या वायरीने घोळ केला. एकतीस वर्षं वायरी जोडतोय तो माणूस.

सासू: आणि तुझी सही नसेल तर?

सून: तर मला दोष दाखवावा लागेल. जो मला सापडत नाही! कारण तो असूच शकत नाही, आई. मी मोजते ना सगळं!

सासू: काय मोजतेस?

सून: तुमच्या कपासारखंच आहे. मशीनच्या मेमरीत प्रत्येक खाटेसाठी एक पान असतं. नाडी, श्वास, सगळं त्या पानावर येतं. आता ते पान एकाच वेळी बरेच जण, म्हणजे प्रोग्रामचे वेगवेगळे भाग, वाचत असतात. एक जण पडद्यावर काढत असतो, एक जण धोक्याची घंटा सांभाळतो, एक जण नोंद ठेवतो. पेशंट घरी गेला की पान मोकळं करून दुसऱ्या खाटेला द्यायचं, कारण मेमरी काही मारुतीच्या शेपटासारखी लांबत नाही. पण कुणी वाचत असताना ओढून घेतलं तर?

सासू: तर तुझ्या चहासारखं होईल.

सून: अगदी! म्हणून मोजायचं. पानाच्या कोपऱ्यात एक आकडा. वाचायला घेतलं की एक वाढवायचा, झालं की एक कमी करायचा. आकडा शून्य झाला तरच पान मोकळं. रेफरन्स काउंट म्हणतात त्याला. तुम्हाला कपावर तशी पाटी लावून दिली असती ना मी, तर आज माझे तीन कप वाचले असते.

सासू: मोजणारा एकटाच असतो?

सून: नाही, आतमध्ये चार जण एकाच वेळी काम करतात. चौघेही तोच आकडा बदलतात.

सासू: मग दोघांनी एकदमच बदलला तर? आमच्याकडे दोन सिस्टर मनातल्या मनात मोजायला लागल्या की घोळ ठरलेला. म्हणून मी मोठ्याने मोजायला लावायचे. एकीने म्हणायचं, दुसरीने लिहायचं.

सून: त्याची सोय आहे. वाढवणं आणि कमी करणं एका झटक्यात होतं, मध्ये कुणी शिरूच शकत नाही. ते मी दहादा तपासलं.

सासू: म्हणजे मोजणी बरोबर आहे.

सून: शंभर टक्के बरोबर आहे! मग रिकाम्या खाटेला नाडी आली कुठून? सांगा ना! मोजणी चुकत नाही, शून्य झाल्याशिवाय पान सुटत नाही, आणि तरी घोळ. मला आता वाटायला लागलंय की वायरच असेल. करते सही आणि झोपते दोन दिवस.

सासू: शून्य झाल्यावर काय करतं तुझं मशीन?

सून: पान पुसतं आणि मोकळ्या पानांच्या गठ्ठ्यात टाकतं.

सासू: आणि शून्य झाल्यावर कुणी ते उचललं तर?

सून: उचलेल कोण? शून्य म्हणजे कुणालाच नको आहे.

सासू: तसं नसतं.

सून: कसं नसतं?

सासू: आकडा शून्य म्हणजे आत्तापर्यंत कुणाला नको होतं. पुढच्या क्षणाचं काय?

सून: आई, मी दमलेय. कोडी घालू नका.

सासू: कोडं नाही घालत. बस जरा. ते लॅपटॉपचं झाकण लाव आणि बस. हे मी तुझ्या नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. त्याच्या बापालाही नाही.

सून: काय झालं?

सासू: एकतीस वर्षं झाली. पोटाचं ऑपरेशन होतं, बाई साधारण चाळिशीची. रक्त टिपायला गॉजच्या घड्या असतात, त्या मोजून घ्यायच्या आणि मोजून परत घ्यायच्या, हे तुला माहीत आहे. त्या दिवशी दहा होत्या. भिंतीवर फळा. शिवायच्या आधी मोजलं, मी मोठ्याने, माझ्या हाताखालची सिस्टर फळ्याशी. आठ वापरलेल्या, दोन कोऱ्या. दहाच्या दहा. सर्जनला सांगितलं, मोजणी बरोबर. कागदावर सही केली. आणि तिला म्हटलं, फळा पूस, पुढची केस बाहेर थांबलीय.

सून: मग?

सासू: तिने पुसला. सर्जनने दोन टाके घातले आणि म्हणाला, थोडं रक्त येतंय, एक दे. माझ्या हाताशी त्या दोन कोऱ्या पडल्याच होत्या. त्यातली एक मी दिली.

सून: तुम्ही?

सासू: मीच दिली, या हाताने. फळा कोरा, त्यामुळे लिहायला जागाच नाही. मोजणी संपलेली, त्यामुळे पुन्हा मोजायचं कुणाच्या मनात आलं नाही. सगळं बरोबर होतं बघ. दहा आणल्या, दहा मोजल्या, सही झाली. त्यानंतर दिलेल्या घडीचा हिशेबच नव्हता. महिन्याभराने ती बाई तापाने फणफणून परत आली आणि तिच्या पोटातून माझी घडी निघाली.

सून: वाचली?

सासू: वाचली. दोन महिने पडून होती. पोरं दाराशी बसलेली असायची तिची.

सून: आई...

सासू: थांब, संपलं नाही. चौकशी झाली. कागदावर मोजणी बरोबर, सही माझी. त्यांनी विचारलं, फळा कोणी पुसला? मी म्हटलं, तिने. शिवणं संपायच्या आत पुसला? मी म्हटलं, हो. पुढे कुणी काही विचारलं नाही. आवाज गोड होता गं त्यांचाही. मी एक शब्द खोटा बोलले नाही.

सून: आणि तिला?

सासू: काढलं. दोनच वर्षं झाली होती तिला नोकरीला. जाताना माझ्या पाया पडून गेली, म्हणाली, सिस्टर, माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला. तिलाही वाटत होतं की चूक तिचीच. मी पुढे बावीस वर्षं तिथेच होते. नियम केला, फळा पुसल्यावर टेबलावरचं काहीही द्यायचं नाही. हवं असेल तर नवीन पाकीट फोडा आणि फळ्यावर नवीन ओळ लिहा. सगळे म्हणायचे, सिस्टर किती कडक. मी कडक नव्हते गं. मला भीती वाटायची.

सून: फळा पुसल्यावर दिली...

सासू: हो.

सून: शून्य झाल्यावर एक वाढवला. आई, झाकण उघडू का?

सासू: उघड. मी सांगायचं ते सांगून झालं.

सून: थांबा, थांबा. पान शोधायचं काम एका जागी होतं. सिस्टरने चारवर बोट ठेवलं की आधी प्रोग्राम यादीत चारचं पान शोधतो. सापडलं. मग आकडा एकने वाढवतो. शोधणं वेगळं, वाढवणं वेगळं! मध्ये फट आहे. केसाएवढी फट, पण आहे. नेमकं त्या फटीत दुसऱ्याने शेवटचा हात सोडला, आकडा शून्य झाला, पान पुसलं आणि सहा नंबरला गेलं, तर पहिल्याला पत्ताच नाही. तो बिनदिक्कत एक वाढवून वाचायला बसतो! आकडा शून्य आहे का हे बघतच नाही ही ओळ. नुसता एक वाढवते, मठ्ठासारखी!

सासू: सापडलं का?

सून: सापडलं असं वाटतंय. वाटून चालायचं नाही, घडवून दाखवायला हवं. हे बघा, शोधणं आणि वाढवणं यांच्या मध्ये मी मुद्दाम तीन सेकंद थांबायला लावते. केसाएवढी फट दाराएवढी करते. आई, तुम्ही इथे बसा. हे दोन डबे खोटी नाडी पाठवतात, म्हणजे हेच पेशंट. हा चार, हा सहाच्या जागेचा. मी ‘आता’ म्हटलं की खाट चारवर बोट ठेवा.

सासू: ठेवते. चष्मा लागत नाही त्याला.

सून: आता!

सासू: ठेवलं.

सून: मी चारला घरी पाठवलं. सहाला दाखल करून घेतलं. एक... दोन... तीन.

सासू: बहात्तर.

सून: कुठे?

सासू: चारवर. आणि चारचा डबा तर तुझ्या हातात आहे, वायर काढलेला.

सून: बहात्तर! अकरा दिवस, आई! चार दिवस चार रात्री मशीन राबवलं मी, आणि हे तीन सेकंदांत! मला एकाच वेळी नाचावंसं आणि रडावंसं वाटतंय.

सासू: आधी बरं कसं करायचं ते सांग. मग नाच.

सून: तुमचाच नियम. वाढवायच्या आधी बघायचं, आकडा शून्य आहे का. बघणं आणि वाढवणं एका झटक्यात, मध्ये फट ठेवायची नाही. शून्य असेल तर त्या पानाला हात लावायचा नाही, मेलं ते. पुन्हा यादीत शोधायचं. शून्य नसेल तरच एक वाढवायचा.

सासू: आणि तेवढ्यात ते पान सहा नंबरला देऊनही झालं असेल तर? तेव्हा आकडा शून्य नसणार. सहाने वाढवलेला असणार.

सून: ...आई, तुम्हाला मी मुलाखतीला पाठवते.

सासू: मनगटावर पट्टी असते ना पेशंटच्या. टेबलावर घेतल्यावर मी ती पुन्हा वाचायचे. बाहेर वाचली असली तरी.

सून: तेच करायचं. आकडा वाढवून पान धरलं, की आता ते कुणी ओढून नेऊ शकत नाही. मग शांतपणे वाचायचं की हे चारचंच आहे का. नसेल तर सोडून द्यायचं. सहा ओळींचं काम आहे! थांबा, लिहितेच. ...ठेवा बोट. आता.

सासू: ठेवलं.

सून: दोन... तीन. काय दिसतं?

सासू: ‘खाट रिकामी.’

सून: पुन्हा. आता.

सासू: रिकामी. किती वेळा करायचं आहे?

सून: पन्नास. नंतर मशीनला लावेन, ते लाखभर वेळा करेल. तोवर बघू या, कोण महाभाग होता ज्याने ही मठ्ठ ओळ लिहिली. प्रत्येक ओळीपुढे नोंद असते, कुणी, कधी. वर काय शेरा मारलाय बघा. ‘इथे आकडा कायम शून्याच्या वर असतो, तपासायची गरज नाही.’ गरज नाही म्हणे! इतका आत्मविश्वास येतो कुठून लोकांना? याला ना धरून...

सासू: काय झालं?

सून: मी.

सासू: काय मी?

सून: मी लिहिलीय. सहा वर्षांपूर्वी. शेराही माझाच आहे.

सासू: हं.

सून: नवीनच आले होते. पहिलंच मोठं काम माझं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, पडदा इतका झटपट चालायला लागला म्हणून. झटपट चालणारच, तपासतच नव्हता! तीनशे पडद्यांत माझी ओळ बसलीय, आई. आणि मी काल काकांना फोन करून विचारलं, तुमच्या वायरी नीट बघितल्यात ना? ते म्हणाले, बघतो हो पुन्हा, माझंच काहीतरी राहिलं असेल.

सासू: किती वाजले?

सून: सव्वातीन.

सासू: फॉर्मवर काय लिहिलंय, पुन्हा सांग.

सून: ‘दोष आढळला नाही.’ सकाळी सही केली असती तर ती खरी असती. हे सगळ्यात वाईट आहे. सकाळी खरी असती, आणि काका गेले असते. आई, नोकरी जाईल का माझी?

सासू: मला काय माहीत? माझी नाही गेली. म्हणून तर हे एकतीस वर्षं मनात राहिलं.

सून: म्हणजे?

सासू: म्हणजे तू विचारतेयस ते चुकीच्या माणसाला विचारतेयस. मी वाचले. कसं वाचायचं ते मी तुला शिकवू शकते, पण शिकवणार नाही.

सून: भीती वाटतेय हो.

सासू: वाटणारच. मी बसलेय इथे. लाव फोन. स्पीकरवरच ठेव, म्हणजे तुला गिळता येणार नाहीत शब्द.

सून: ...हॅलो, सर.

साहेब: बोल, सही पाठवलीस?

सून: नाही सर. दोष सापडला. मेमरीतच आहे. घडवून दाखवते, तीन सेकंद लागतात.

साहेब: काय बोलतेस? अगं, पाऊण तासावर मीटिंग आलीय! तूच म्हणत होतीस ना, मोजणी बरोबर आहे?

सून: मोजणी बरोबर आहे. मोजणी संपल्यावर उचलतो आपण, ते चुकीचं आहे.

साहेब: हे बघ, शांतपणे ऐक. हे आज सांगायलाच हवं का? सही कर, वायरी बदलू, आणि पुढच्या वेळी नवीन प्रोग्राम टाकताना हळूच हेही टाकून देऊ. कुणाचं काही बिघडत नाही.

सून: काकांचं बिघडतं. आणि तोवर कुणाची तरी खाट चार असेल.

साहेब: तू फार मनाला लावून घेतेस. बरं, ती ओळ कुणाची आहे ते बघितलंस का? त्यांना आधी बोलू दे, तू कशाला मध्ये पडतेस?

सून: माझी आहे, सर.

साहेब: ...काय?

सून: ओळ माझी आहे. तपासायची गरज नाही असं वर मीच लिहून ठेवलंय. वायरींचा काही संबंध नाही. चार वाजता मी मशीन घेऊन येते आणि सगळ्यांसमोर दाखवते. काकांनाही बोलवा. त्यांच्यासमोर बोलायचंय मला.

साहेब: तुला कळतंय का, तीनशे मशीन...

सून: कळतंय. सहा ओळी बदलायच्या आहेत. पण ते होईपर्यंत दवाखान्यांना आजच्या आज कळवावं लागेल की पडद्यावर विसंबू नका, खाटेपाशी जाऊन बघा.

साहेब: ये तू. ये, मग बोलू.

सून: ठेवला. आई, सांगून टाकलं.

सासू: बरं केलंस. गरम पाणी पी. नाहीतर चहाच घे, तो मघाशी टाकलेला आहे.

सून: कुठे?

सासू: तुझ्यासमोर. गार झाला असेल. हा... संपलाय का तुझा?

सून: नाही, आहे अजून.

सासू: राहू दे मग.

सून: आई, एक विचारू? तिला तुम्ही कधी सांगितलंत? त्या सिस्टरला?

सासू: नाही.

सून: कुठे असते ती आता?

सासू: दुसऱ्या गावी. शिवणाचे क्लास घेते असं ऐकलं. सात वर्षांपूर्वी एका ओळखीच्या सिस्टरकडून नंबर मिळवला होता मी.

सून: मग केला का नाहीत फोन?

सासू: काय म्हणू, ते सुचत नव्हतं. आता तू म्हणालीस तसंच म्हणता येईल. ‘माझी आहे.’ छोटंसंच वाक्य आहे.

सून: मी निघते आई, वीस मिनिटं लागतील पोचायला. वायरी मी आल्यावर आवरते, तुम्ही हात लावू नका.

सासू: नाही लावत. जायच्या आधी कपाटावरची ती जुनी डायरी काढून दे, आणि माझा चष्मा. नंबर फार बारीक लिहिलाय मी.